ऑपरेशनच्या आधी तोंड उघडा

मी मूळची सिंदीची, रेल्वेवाल्या सिंदीची, अन् दिली ती बी सिंदीतच, सिंदी मेघेत, म्हनजे एका सिंदीतून उठली अन् दुसऱ्या सिंदीत बसली, आता पंचवीस वर्सं होतील. माहा बाप जिनिंगात होता, सरकी काढाच्या रेच्यावर, संध्याकाळी घरी ये त भुवयासुद्धा पांढऱ्या. माय निंदाले जाये. आमी तिघी बहिनी, मी मधली, अन् मधलीकडं कोनाचं लक्ष नसते, म्हनून मी शेजारच्या काकूच्या मशीनीजवळ जाऊन बसो अन् पाहू पाहूच शिवन शिकली. आजपर्यंत तेच करून राह्यली. ब्लाउज. निरे ब्लाउजच. आमच्या मोहल्ल्यातली एक बाई नसल जिचं माप मी घेतलं नाई, अन् खरं सांगू, एकाही बाईच्या दोन बाजू सारख्या नसतात, कोनाची उजवी बोटभर मोठी, कोनाची डावी खाली, पन हे शिंपिनीनं बोलाचं नसते, टेप गुंडाळाची अन् चूप राहाचं.

पन माहं बोटभर नव्हतं. माही डावी बाजू राहूनच गेलती. उजवी जशी पाह्यजे तशी, डावी म्हनजे नावाले. लग्नाचं ब्लाउज मीच शिवलं अन् अंगात घालून आरशापुढं उभी राह्यली त डाव्या बाजूचं कापड लटकून राह्यलं. माय मागं उभी होती. तिनं बापानं गाठोड्यात आनलेला कापूस काढला, पिंजला, मलमलच्या तुकड्यात भरला अन् मले म्हने, याले आतून टाके मार. तो पहिला पॅड. तवापासून माह्या हरेक ब्लाउजले एका बाजूनं कापूस.

आमचे हे चक्कीवाले, पिठाची चक्की आहे आमची. लग्नानंतर मीच यायले सांगितलं, असं असं आहे, त हे म्हने मले त काई दिसलंच नाई. आता खोटं बोलले हे मलेही समजलं, पन चांगलं खोटं होतं, मी काई राग नाई धरला. दोन लेकरं झाली, दोघंही एकाच बाजूनं वाढली. सासूनं माह्या दोन जचक्या काढल्या, मालिश केली, शेक देला, पन कधी शब्दानं बोलली नाई. म्हनजे तसं पाह्यलं त सुखच होतं. मंग काऊन ऑपरेशन केलं, हेच विचाराचं आहे ना तुमाले? विचारा ना, सारेच विचारतात.

काय सांगू तुमाले, उन्हाळ्यात कापूस घामानं भिजे अन् त्याचा गोळा होये. नंदेच्या पोरीचं लग्न होतं तळेगावले, श्यामजी पंताच्या तळेगावले, मे महिना, मी वाढाले वाकली अन् तो गोळा सरकून गळ्याजवळ आला. मी पदर घेतला तो घेतला, सारं लग्न एक हात छातीवर ठेवून काढलं. मंग त्याची शूटिंग पाहाले सारे बसलो, त त्याच्यात मी दिसो तिथं हात छातीवर. माही नंद हासून म्हने, वहिनी तुमी काय राष्ट्रगीत म्हनून राह्यल्या का. मीही हासली. पन घरी येऊन मी मनाशी म्हनलं, वंदना, चव्वेचाळीस वर्सांची झाली, आता हात खाली कर.

पहिले मी मोबाईलवरची जाहिरात पाहून नागपूरले गेली, नाव नाई घेत. काचेचं दार, थंड हवा, अन् कोट घातलेली एक पोट्टी. तिनं मले दुरूनच पाह्यलं अन् पुस्तकातले फोटो दाखवाले लागली, हे घ्या, का हे घ्या. मी विचारलं डॉक्टर कोन, त म्हने आहेत. मी विचारलं भूल कोन देते, त म्हने ते सारं आमचं आमी पाहतो. पुढच्या सोमवारी या, आठ दिवसांत कामाले लागाल. मी बाहेर आली अन् यायले म्हनलं, जो शिंपी माप न घेता कात्री लावते त्याच्याजवळ मी रुमालही शिवत नाई, अन् इथं मी छाती टाकाले निघाली. हे म्हने, चाल घरी.

मंग दुसऱ्या डॉक्टरकडं गेलो, मोठ्या दवाखान्यातल्या, आमच्या ओळखीच्या नर्सबाईनं सांगितलं होतं का पहिले विचारजो, प्लास्टिक सर्जरीची डिग्री आहे का, त मी तसंच विचारलं, बसल्या बसल्या. तो रागावला नाई, भिंतीवरच्या सर्टिफिकिटाकडं बोट दाखवलं. मंग यायले म्हने तुमी बाहेर बसा. हे गेले त मले म्हने, बाई, हे कोनाले पाह्यजे, तुमाले का मालकाले? मी म्हनलं, मालकाले त आतापर्यंत काई दिसलंच नाई. तो हासला, मी बी हासली, अन् मंग तो माह्याशी तासभर बोलला.

त्यानं जे सांगितलं ते मी आज साऱ्यायले सांगतो. म्हने, आत जी थैली टाकू ते जन्माची नाई, दहा-पंधरा वर्सांनी, कधी त्याच्याही आधी, बदलावी लागू शकते, म्हनजे हे एक ऑपरेशन समजू नका, दोन समजा. म्हने कोनाकोनाची आजूबाजूनं कडक होते, दुखते. म्हने जिथं कापू तिथं वन राहील, अन् थोडी जागा बधिर राहील, कधी भरून येते, कधी येत नाई. लय क्वचित त्याच्याभोवती एक वेगळा कॅन्सरही होते, म्हनून सूज आली, गाठ लागली, त दडवाची नाई. पहिले मशीनीवर दोन्ही बाजूचे फोटो काढून पाहू, काई लपलेलं नाई ना. अन् दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या होनार नाई. हे ऐकून मले हासू आलं, वीस वर्सं मीच हे दुसऱ्यायच्या अंगावर पाह्यलं अन् स्वतःसाठी मात्र मले टेपानं मोजून सारखं पाह्यजे होतं.

केवढं पाह्यजे ते समजाले त्यानं सांगितलं का पिशवीत तांदूळ भरून घरी घालून पाहा. आता हे मले सांगाचं काम? मी मलमलची थैली शिवली, उजव्या बाजूच्या मापाची, दाबून तांदूळ भरले अन् आठ दिवस मशीनीवर बसली. तिसऱ्या दिवशी खांदा ओढाले लागला. मी एक मूठ तांदूळ काढले. पाचव्या दिवशी आनखीन एक मूठ. मंग ते थैली घेऊन डॉक्टरकडं गेली, त म्हने अजून कमी करा, तुमची कातडी इतकी जागा देनार नाई. मी म्हनलं, कापड उरेप, म्हनजे तिरपं, कापलं का तानते. तो म्हने, कातडीले उरेप नसते बाई. हे मले पटलं. कापड कमी असलं त जास्तीचं माप कुठून काढनार.

आता माही चूक सांगतो. त्यानं मले विचारलं होतं, कायची गोळी चालू आहे का, रक्त पातळ कराची, जडीबुटीची, मी म्हनलं नाई, अन् ते खरं होतं. मंग विचारलं, बिडी-सिगारेट? मले हासूच आलं. मी म्हनलं, डॉक्टरसाहेब, मी काय बिडी ओढनारी दिसतो का. तो बी हासला अन् त्यानं कागदावर लिहून टाकलं, नाई. अन् माह्या गालात त्याच वेळी खर्रा होता.

तुमी बाहेरच्या, तुमाले सांगतो, आमच्याकडं पानठेल्यावर सुपारी, तंबाखू अन् चुना पन्नीत घोटून देतात, त्याले खर्रा म्हनतात. मानसं खातात ते रस्त्यावर, बाया खातात ते घरात. माही सासू खाये, तिनंच मले लावला, दुसऱ्या जचकीनंतर, दुपारी ब्लाउजले हुक लावता लावता ते आपल्या पुडीतला चिमूटभर माह्या हातावर ठेवे. आमचं सासू-सुनेचं जे काई प्रेम आहे ते त्या पुडीतूनच सुरू झालं म्हना ना. मशीनीवर बसली का एक चिमूट, अठरा वर्सं. ते व्यसन आहे असं मले वाटेच ना. धूर नाई, नशा नाई, मंग त्याच्यात सांगाचं काय?

तारीख ठरली. सासूले सांगाचं नाई असं मी ठरवलं होतं, लाज वाटे, दोन लेकरांची माय या वयात हे कराले निघाली म्हनल. म्हनून तिले नंदेकडं तळेगावले पाठवली, अन् कोनी विचारलंच त पित्ताच्या पिशवीत खडे झाले असं सांगाचं, हे मी, आमचे हे अन् लेकरं, चौघांनीही पाठ करून ठेवलं. पैसे माहे होते, ब्लाउजाचे, भिशीचे, म्हनून त्याची काई चिंता नव्हती. सकाळी उपाशीपोटी भरती झाली. दवाखान्याचा हिरवा झगा घातला, बांगड्या काढल्या, यायच्या हातात देल्या.

मंग भूल देनारी डॉक्टरीन आली. लहानशी, चष्मा घातलेली, माह्या पोरीएवढी असल. म्हने, मावशी तोंड उघडा. मी उघडलं. म्हने आनखीन. मी म्हनलं इतकंच उघडते. म्हने, तुमची तीन बोटं जोडून उभी तोंडात घाला. मी घातली त दोन गेली, तिसरं अडकलं. तिनं बॅटरी घेतली, गालाच्या आत पाह्यलं, बोटानं चाचपलं, अन् विचारलं, मावशी, खाता काय? मी म्हनलं, काई नाई. तिनं बॅटरी तशीच धरून ठेवली. मी म्हनलं, थोडासा खर्रा. ते म्हने, किती वर्सं? मी सांगितलं. म्हने, आज खाल्ला? मी सांगितलं, पहाटे, मन लागत नव्हतं म्हनून.

ते बाहेर गेली, अन् मंग तो मोठा डॉक्टर आला अन् म्हने ऑपरेशन आज नाई. मी त्याच्यावर चिडली, हो, चिडली, म्हनलं तुमी बिडी विचारली होती, खर्रा कुठं विचारला होता. तो म्हने, बरोबर आहे बाई, माहं चुकलं, इथं बसून मले खर्राच पहिले विचारला पाह्यजे. पन आता ऐका, तंबाखू असली का कातडीले रक्त कमी मिळते, जखम भरत नाई, टाके सुटतात, मंग ते थैली काढावी लागते. अन् हे तोंड असं बंद होत चाललं त भूल देताना घशात नळी घालाले तरास, अन् त्याहून मोठी गोष्ट, गालाच्या आत एक पांढरा चट्टा आहे, तो मले पाहाचा आहे. छातीचं मंग पाहू.

मी तो झगा घालून पलंगावर बसून रडली. छातीसाठी रडली का चट्ट्यासाठी, मले समजे ना. यायनं बांगड्या परत घातल्या माह्या हातात, एक एक करून, अन् म्हने, चाल, उपाशी आहे, पहिले चहा पिऊ.

त्याच दवाखान्यातल्या दातवाल्या डॉक्टरीननं चट्ट्याचा तुकडा काढून तपासाले पाठवला. आठ दिवस. ते आठ दिवस मी एकही ब्लाउज कापलं नाई, हातच चाले ना. मले आठवे, आमच्या मोहल्ल्यातल्या दोघा-तिघांचे खर्ऱ्याच्या कॅन्सरनं जबडे कापले, मंग ते नळीनं जेवत. छाती गेली उडत, मी मनात म्हनो, देवा, मले फक्त हे तोंड राहू दे, मी लेकरायले बोलली पाह्यजे. नवव्या दिवशी रिपोट आला. कॅन्सर नाई. गाल आतून कडक होनं सुरू झालं होतं, पन खर्रा आज सुटला त इथंच थांबते. मी त्या दातवाल्या डॉक्टरच्या पाया पडाले गेली त ते मागं सरकली. छाती नीट कराले गेली अन् तोंड वाचलं, अजून काय पाह्यजे मानसाले.

खर्रा सोडनं म्हनजे काय असते ते सोडलं त्यालेच माहीत. डोकं दुखे, उलटा हुक लावून द्यो. दातवालीनं आइस्क्रीमच्या काड्या देल्या होत्या, त्या एकावर एक ठेवून दाताखाली धराच्या, दर आठवड्याले एक काडी वाढवाची, तोंड उघडते हळूहळू. तेवढ्यात सासू तळेगावहून परत आली. दुपारी तिनं पुडी काढली, चिमूट माह्यापुढं केली, मी म्हनलं नको. दुसऱ्या दिवशीही नको. तिसऱ्या दिवशी ते मले खालून वर पाहून म्हने, काऊन वं, दिवस गेले का?

आता हासावं का रडावं? मी सारं सांगितलं. काड्या दाखवल्या, रिपोट दाखवला, अन् मंग मान खाली घालून छातीचंही सांगितलं, का मले हे कराचं आहे, अन् म्हनून तुमाले तळेगावले धाडलं होतं. बुढीनं पुडीची गाठ मारली. मंग म्हने, दोन जचक्या काढल्या मी तुह्या, मले काय नवीन सांगून राह्यली. मले इतकंच सांग, दुखनार किती? मी म्हनलं, दुखनार. म्हने, मंग मी घरी पाह्यजे ना, तळेगावले काय करू.

तीन महिन्यांनी ऑपरेशन झालं. तोवर तीन बोटांतलं तिसरं जवळजवळ जात होतं, त्या चष्मेवाल्या पोरीनं स्वतः घालून पाह्यलं अन् माह्या पाठीवर थाप मारली. दुखलं, नाई कसं म्हनू, छातीवर पोतं ठेवल्यासारखं वाटे, पाच-सहा दिवस. बकेट उचलाची नाई, हात खांद्याच्या वर न्याचा नाई, मशीन दीड महिना बंद. हात वर जात नाई त वेनी कशी घालनार? सासू रोज सकाळी माह्यामागं बसे अन् वेनी घाले. तिच्या तोंडाचा वास ये खर्ऱ्याचा, अन् माहा जीव असा तुटे त्याच्यासाठी, काय सांगू, डोळ्याले पानी ये. तिले वाटे वेनी ओढली म्हनून. मंग समजलं असल तिले, कारन एक दिवस ते मागं जाऊन चूळ भरून आली अन् मंग फनी घेतली. मंग रोजच. खर्रा सुटला का तिचा? नाई बाई, म्हाताऱ्या मानसाले किती सांगनार, पन वेनीच्या आधी नाई. तोंड दाखवाले दातवालीकडं आली मात्र, दोनदा टाळून तिसऱ्यांदा. तिच्या तोंडात तीन बोटं सरळ गेली. एकेकीचं नशीब!

आता झालं वरीस. वन आहे खाली, बोटभर लांब, दिसत नाई. तिथं थोडी जागा अजून बधिर आहे. सारखं झालं का म्हनाल त डावी थोडी वर आहे, मलेच दिसते, शिंपिनीचा डोळा, दुसऱ्या कोनाले नाई दिसत. दवाखान्यानं एक कार्ड देलं, थैली कोनती, नंबर कोनता, ते जपून ठेवलं आहे, पुढं कधी छातीचा फोटो काढाचा झाला त पहिले सांगाचं का आत असं असं आहे. बदलावी लागल तवा पाहू. मी समाधानी आहे. कापूस भरनं गेलं, उन्हाळा उन्हाळ्यासारखा वाटते.

एक सांगाचं राहूनच गेलं. ऑपरेशनले दहा-बारा दिवस झाले असतील, मी अंगनात खाटेवर बसली होती, सासू वेनी घालत होती, अन् समोरच्या काकू आल्या. म्हने, काऊन वं वंदना, कायचं ऑपरेशन झालं? माह्या तोंडात ते पाठ केलेलं तयारच होतं, पित्ताचे खडे. मी तोंड उघडलं, तेवढ्यात सासू मागून म्हने, छातीचं. एक बाजू लहान होती तिची, ते भरून आनली. तिले पाह्यजे होतं, तिच्या पैशानं केलं. तुमाले कायचा तरास?

सवयीनं मी पदर ओढाले हात उचलला त टाके असे ओढले का हात अर्ध्यातूनच खाली आला. पदर तसाच राह्यला. काकूनं पाह्यलं, मीही पाहू देलं, अन् वरून आभाळ काई पडलं नाई. चार दिवस मोहल्ल्यात चर्चा झाली, पाचव्या दिवशी काकूच ब्लाउजपीस घेऊन आल्या अन् हळूच म्हने, वंदना, माह्या भाचीचंही तसंच आहे वं, तिले काय सांगू?

मी म्हनलं, पाठवून द्या तिले, एकटीले. कराचं का नाई ते तिचं ते ठरवल, निरं लग्न जमावं म्हनून करत असल त मी थांब म्हनीन. पन येताना खोटं बोलू नको म्हना. शिंपिनीशी नाई, डॉक्टरशी नाई, घरी बुढीशीही नाई. मी पंचवीस वर्सं खोटं बोलली, खरं सांगाले पाव घंटाही लागला नाई. तुमीही सुखी राहा बाई, अन् ब्लाउज शिवाचं असल त येजा, डावं-उजवं मी कोनाले सांगत नाई.